जर्मन येत होती, बोलता येत नव्हती

बी-टू, म्हणजे मध्यमाच्या वरच्या पातळीची जर्मन परीक्षा चांगल्या गुणांनी पार पडली, तेव्हा मला त्या भाषेतलं वर्तमानपत्र वाचता येत होतं, औपचारिक पत्र लिहिता येत होतं, चारही विभक्तींचे तक्ते पाठ होते. कोणत्या क्रियापदाला कोणतं प्रिपोझिशन, म्हणजे नामाआधी येणारं अव्यय, लागतं हे झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. त्यानंतर माझी बदली जर्मन सहकाऱ्यांबरोबर काम करणाऱ्या गटात झाली. काम तांत्रिक दस्तऐवज तपासण्याचं, आठवड्याची बैठक व्हिडिओवर आणि बैठकीची भाषा जर्मन.

त्या बैठकांत मला जवळजवळ सगळं समजायचं. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तरही माहीत असायचं, कारण तो दस्तऐवज मीच तपासलेला असायचा. मी वाक्य जुळवायला घ्यायचे. कर्ता ठरायचा, क्रियापद दुसऱ्या जागी बसायचं, मग पुढच्या नामाचं लिंग कोणतं यावर मन अडायचं. तेवढ्यात दुसरं कोणीतरी उत्तर देऊन मोकळं झालेलं असायचं आणि चर्चा पुढच्या मुद्द्यावर गेलेली असायची. माझं वाक्य तयार व्हायचं, पण ते बोलायची वेळ निघून गेलेली असायची.

परीक्षेतही बोलण्याचा भाग होताच. पण तिथे आधी १५ मिनिटं तयारीला मिळतात, विषय कागदावर असतो आणि समोरचा परीक्षार्थीही तोच कागद वाचून आलेला असतो. चार विभागांत प्रत्येकी १०० पैकी ६० गुण मिळवले की प्रमाणपत्र हातात. त्या प्रमाणपत्राला मी कमी लेखत नाही, ते मिळवायला मी खूप राबले होते. मात्र तयारी करून बोलणं आणि विचारल्याबरोबर बोलणं यांत किती अंतर आहे, याचा अंदाज त्या परीक्षेने दिला नव्हता.

हे अंतर समजून घेण्यासाठी मी बरंच वाचलं, आणि त्यातल्या एका गोष्टीने मला सगळ्यात जास्त दिलासा दिला. संभाषणात एकाचं बोलणं संपल्यावर दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत किती वेळ जातो, याचा दहा भाषांमध्ये केलेला अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. सरासरी अंतर निघालं सुमारे २०० मिलिसेकंदांचं, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. आता गंमत अशी, की चित्र दाखवून त्याचं नाव सांगायला लावलं, तर मातृभाषेतसुद्धा तोंडातून शब्द निघायला साधारण ६०० मिलिसेकंद लागतात. म्हणजे जो माणूस वेळेवर उत्तर देतो, त्याने समोरच्याचं वाक्य संपायच्या आधीच आपलं उत्तर जुळवायला घेतलेलं असतं. ऐकणं आणि बोलण्याची तयारी ही दोन्ही कामं एकाच वेळी चाललेली असतात.

मी नेमकं हेच करू शकत नव्हते. जर्मन ऐकण्यातच माझं सगळं लक्ष खर्च होत होतं. समोरचा थांबला, की मग मी जुळवाजुळवीला लागायचे. विलेम लेव्हेल्ट या भाषामानसशास्त्रज्ञाने १९८९ सालच्या आपल्या ग्रंथात बोलण्याचे टप्पे मांडले आहेत: काय सांगायचं ते ठरतं, मग त्याला शब्द आणि व्याकरण मिळतं, मग ते उच्चारलं जातं. मातृभाषेत मधला टप्पा आपल्या नकळत पार पडतो. माझ्या जर्मनमध्ये तोच टप्पा पूर्णपणे हाताने चालत होता, एकेक प्रत्यय तपासत. नियम माहीत असणं म्हणजे तो टप्पा आपोआप चालणं नव्हे, एवढं एकदा लक्षात आलं आणि आपल्याला भाषा येतच नाही की काय ही भीती गेली. जे उणं होतं ते वेगळं होतं आणि त्याची तालीमही वेगळीच करायला हवी होती.

दुसरी गोष्ट कळली ती भाषा-अभ्यासक मेरिल स्वेन यांच्यामुळे. कॅनडात इंग्रजी घरांतली मुलं शाळेत बहुतेक विषय फ्रेंचमधून शिकत. काही वर्षांनी त्यांचं फ्रेंच ऐकून आणि वाचून समजणं जवळजवळ मूळ भाषकांच्या तोडीचं होई, पण बोलण्या-लिहिण्यात व्याकरण कच्चं राही. १९८५ साली स्वेन यांनी मांडलं, की समजून घेणं पुरेसं नाही. नेमकं बोलावं लागेल अशा प्रसंगात ढकललं गेल्याशिवाय माणूस वाक्यरचनेकडे पाहतच नाही.

हे वाचलं आणि मी माझं स्वतःचं वाचन तपासलं. 'मिट डेम नॉयन कोलेगन' हे चार शब्द घ्या. नव्या सहकाऱ्याबरोबर, एवढाच त्याचा अर्थ. वाचताना मला 'मिट', 'नॉय' आणि 'कोलेग' एवढं दिसलं तरी अर्थ लागतो. 'डेम' आहे की 'डेन' आहे, विशेषणाच्या शेवटी काय आहे, नामाला शेपूट का लागलं, यातलं काहीही न बघता मी पुढच्या ओळीवर जाऊ शकते आणि मला सगळं समजलं असं मला वाटतं. तेच बोलताना तीन ठिकाणी निवड करावी लागते आणि एकही निवड टाळता येत नाही. वाचणाऱ्याला भाषा गाळत जाण्याची मुभा असते, बोलणाऱ्याला ती नसते. वर्षानुवर्षं वाचूनही बोलता का येत नाही, या प्रश्नाचं मला पटलेलं उत्तर हे आहे.

मग मी एकटीने मोठ्याने बोलायला सुरुवात केली. दिवसभर केलेलं काम संध्याकाळी जर्मनमध्ये सांगायचं, फोनवर रेकॉर्ड करायचं. याचा उपयोग मर्यादित, पण खरा होता. कुठे अडतं ते कळायचं. मला 'पर्यावरणविषयक धोरण' सांगता येत होतं आणि 'फाइल चुकून जुन्या फोल्डरमध्ये सेव्ह झाली' हे सांगता येत नव्हतं. पाठ्यपुस्तकातले विषय आणि दिवसभराचे विषय यांची गाठच पडलेली नव्हती. अडलेलं वाक्य मी लिहून ठेवायचे, शोधायचे आणि दुसऱ्या दिवशी मुद्दाम त्याच प्रसंगातून जायचे. तरीही भिंतीशी बोलताना कोणी वाट पाहत नसतं. मला अडचण होती ती वाट पाहणाऱ्या माणसाची.

जर्मन गटातल्या एका ज्येष्ठ सहकारी बाईंना मी हे सगळं सरळ सांगितलं. तोवर काय व्हायचं, की मी अडखळले की त्या अगदी आपुलकीने इंग्रजीवर यायच्या. भाषा शिकणाऱ्या प्रत्येकाला हा अनुभव येतो. समोरच्याचा हेतू चांगलाच असतो, कामही लवकर होतं, पण आपली सरावाची संधी त्या आपुलकीतच जाते. आम्ही ठरवलं, की आमच्या दोघींच्या कामाच्या फोनवर पहिला अर्धा वेळ इंग्रजी अजिबात नाही. मी गप्प झाले तर त्यांनी थांबायचं, शब्द पुरवायचा नाही. आणि चुका तिथल्या तिथे दुरुस्त करायच्या नाहीत. त्यातल्या ज्या पुन्हा पुन्हा येतात तेवढ्या लिहून शेवटी सांगायच्या. हा शेवटचा करार मला फार महत्त्वाचा वाटतो. दर वाक्याला दुरुस्ती झाली, तर माणूस काय सांगायचं ते विसरून पुन्हा प्रत्ययांकडेच बघू लागतो. आणि दुरुस्ती कधीच झाली नाही, तर चूक पक्की होते.

शांतता सहन करणं हा त्या काळातला सगळ्यात अवघड भाग होता, मला आणि त्यांनाही. माणूस थांबला आहे, वाट बघतो आहे आणि माझ्याकडे अर्धंच वाक्य आहे. अशा वेळी उपयोगी पडले ते तयार तुकडे. 'मी म्हणेन की', 'ते कशावर अवलंबून आहे ते बघावं लागेल', 'एक क्षण, मी दुसऱ्या तऱ्हेने सांगते', 'तुम्ही म्हणता ते मला असं समजलं की' अशा अर्थाची जर्मन वाक्यं मी अखंड पाठ केली, त्यांचं व्याकरण न सोडवता. ती बोलताना जीभ चालू राहते आणि मनाला पुढचं जुळवायला उसंत मिळते. मराठीत आपण 'म्हणजे कसं आहे', 'तसं बघायला गेलं तर' म्हणतो तेव्हा हेच करत असतो. फक्त ते कोणी शिकवावं लागत नाही. परक्या भाषेच्या वर्गात हे तुकडे अगदी पहिल्या महिन्यापासून शिकवायला हवेत असं माझं ठाम मत आहे. ते पुस्तकात असतात, पण कोपऱ्यातल्या चौकटीत.

आणखी एक सराव मी मनापासून सुचवेन. पॉल नेशन या शब्दसंग्रहावर काम करणाऱ्या अभ्यासकाने त्याविषयी लिहिलं आहे. एकच विषय आधी चार मिनिटांत एका श्रोत्याला सांगायचा, मग तोच तीन मिनिटांत दुसऱ्याला, मग दोन मिनिटांत तिसऱ्याला. श्रोता दर वेळी नवा, म्हणजे सांगण्यात खरेपणा राहतो. मजकूर तोच, म्हणजे काय सांगायचं याचा विचार करावा लागत नाही. मी आणि जर्मन शिकणारे आणखी काही जण मिळून हे करायचो. वेळ कमी होत गेला की जीभ वेगाने चालेल असं मला आधी वाटलं होतं. प्रत्यक्षात माझी वाक्यं छोटी होत गेली. पहिल्या खेपेला मी तीन उपवाक्यं एकात गुंफायला जायचे, कारण लिहिताना तसंच करायची सवय होती. तिसऱ्या खेपेला तीच गोष्ट तीन सुट्या वाक्यांत येऊन थांबायची आणि जास्त स्पष्ट व्हायची. माणसं बोलतात तशीच. लेखी भाषेची मोजपट्टी बोलण्याला लावल्यामुळे आपण स्वतःची किती कोंडी करतो, ते मला तिथे दिसलं.

आता वाक्याच्या शेवटच्या क्रियापदाबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण मराठी माणसाच्या दृष्टीने हा भाग फार मोलाचा आहे. जर्मनमध्ये कारण सांगणाऱ्या उपवाक्यात क्रियापद शेवटी जातं. 'वाइल इश मॉर्गन डेन बेरिश्ट शिकन मुस.' शब्दामागे शब्द ठेवून बघा: कारण मला उद्या तो अहवाल पाठवायचा आहे. क्रम हुबेहूब मराठीचा आहे! तरीही मी तिथे दर वेळी अडखळायचे, कारण मी जर्मन शिकले ती इंग्रजीतून. पुस्तक इंग्रजीत, स्पष्टीकरण इंग्रजीत, शब्दार्थ इंग्रजीत. त्यामुळे वाक्य मनात आधी इंग्रजी क्रमाने उभं राहायचं आणि मग मी क्रियापद उचलून मागे नेऊन ठेवायचे. मराठीतून थेट गेलं असतं तर काहीच उचलावं लागलं नसतं. आकड्यांचंही तेच. जर्मन माणूस पंचवीस म्हणताना आधी पाच म्हणतो, मग वीस. आपणही तेच करतो. नपुंसकलिंग म्हणजे काय हे आपल्याला लहानपणापासून माहीत असतं. 'ये ना', 'सांगितलं की', 'बघ बरं' यांतली छोटी अव्ययं जे काम करतात, तसंच काम जर्मनमध्येही अशीच छोटी अव्ययं करतात आणि इंग्रजीतून शिकणाऱ्याला ती वर्षानुवर्षं उमगत नाहीत.

हे दिसल्यावर मी बोलण्यापूर्वीच्या क्षणी मनात इंग्रजी येऊ न देण्याचा प्रयत्न सुरू केला. वाक्य सुचेना, तर मराठीत सुचू द्यायचं. उपवाक्यांचा प्रश्न पाहता पाहता सैल झाला. सगळ्या गोष्टी अशा जुळत नाहीत, मुख्य वाक्यात क्रियापद दुसऱ्या जागीच हवं आणि तिथे मराठी आड येते. पण ज्या भाषेत आपण सगळ्यात कमी श्रमाने विचार करतो ती भाषा बाजूला ठेवून दुसऱ्या शिकलेल्या भाषेतून तिसरी बोलायला जाणं, यात किती ताकद वाया जाते, ते मी अंगावर अनुभवलं आहे.

ऐकण्याच्या बाबतीत फार सांगण्यासारखं नाही. ध्वनिफितीवरची जर्मन आणि बैठकीतली जर्मन यांत फरक असतो, 'हाबन व्हिअर' बोलताना 'हामव्हा' होतं, आणि ते कान सरावले की जमतं.

त्यापेक्षा मला माणूस म्हणून जे जाणवलं ते महत्त्वाचं आहे. परक्या भाषेत होकार स्वस्त असतो आणि नकार महाग. 'हो, ठीक आहे' म्हणायला दोन शब्द पुरतात. 'मला हे पटत नाही, कारण गेल्या आवृत्तीत आपण हाच बदल करून पाहिला होता आणि तेव्हा तपासणीत अडचण आली होती' हे म्हणायला तीन काळ, दोन उपवाक्यं आणि शिवाय समोरच्याला न दुखावण्याचा सूर लागतो. भाषा पुरी पडत नसेल तर माणूस शांत, सोशिक, सहमत दिसू लागतो, आणि हळूहळू इतरांना तो तसाच आहे असं वाटायला लागतं. माझा स्वभाव तसा नाही. मराठीत मी वाद घालते, उदाहरणं देते, मध्येच हसते. जर्मनमध्ये यातलं काही दिसत नव्हतं. ज्यांना परक्या भाषेत काम करावं लागतं, त्यांच्या गप्प राहण्याचा अर्थ लावताना सोबतच्यांनी हे लक्षात ठेवावं असं मला कळकळीने वाटतं.

म्हणून मी असहमतीचा वेगळा सराव केला. कामातले खरे मुद्दे घेऊन, आधी समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगायचं, मग आपला आक्षेप, मग पर्याय. एका बैठकीत दस्तऐवजाच्या क्रमवारीवरून चर्चा चालली होती आणि ठरत आलेला निर्णय मला चुकीचा वाटत होता. मी बोलले. मध्ये एका नामाचं लिंग चुकलं, ते मला ऐकू आलं, आणि मी न थांबता पुढे गेले. त्यावर प्रश्न आले, मी उत्तरं दिली. निर्णय अर्धा माझ्या मनासारखा झाला. मला आनंद झाला तो निर्णयापेक्षा याचा, की त्या दहा-पंधरा मिनिटांत आपण जर्मन बोलत आहोत हे माझ्या ध्यानातही नव्हतं; माझं सगळं लक्ष क्रमवारीवर होतं.

आमच्या गटात एक सहकारी आहे. त्याने कुठलीही परीक्षा दिलेली नाही, जर्मन त्याने कामावर ऐकून ऐकून उचलली. लिंग, विभक्ती सगळं जिभेला येईल तसं, पण बोलतो भरभर, आणि कामं होतात. सुरुवातीला त्याचं बोलणं ऐकून मला वाटायचं, की व्याकरणात घातलेली माझी वर्षं फुकट गेली. आज तसं वाटत नाही. भाषा-अभ्यासक लॅरी सेलिंकर यांनी १९७२ साली लिहून ठेवलं आहे, की शिकणाऱ्याच्या भाषेत काही चुका दगडासारख्या पक्क्या होतात आणि नंतर कितीही शिकवलं तरी जात नाहीत. त्या सहकाऱ्याला लेखी उत्तर पाठवायचं असलं की तो माझ्याकडे येतो आणि स्वतःच्या वाक्यात काय खटकतंय ते त्याला दिसत नाही. मला माझी चूक तोंडातून निघताक्षणी ऐकू येते, आणि पुढच्या वेळी ती निम्म्याने तरी कमी होते. वापर सुरू झाल्यावर ते तक्ते कामाला आले. वापराच्या आधी ते नुसते पाठ होते. म्हणून 'व्याकरण सोडा, बोला' असा सल्ला मी कोणाला देत नाही. मी एवढंच सांगते, की व्याकरणाचा एक तास झाला की तेच व्याकरण लागेल अशा खऱ्या बोलण्याला दुसरा तास द्या, आणि तो तास कोणीतरी उत्तराची वाट पाहत असताना द्या.

दोन ठिकाणी मी अजून मागे आहे. चार-पाच जर्मन एकमेकांशी बोलत असताना मधे शिरणं कठीण जातं. तिथे अडचण वाक्य जुळवण्याची नसते, कोण कधी थांबणार याचा अंदाज लागत नाही. आणि फोनवर कोणी लांबलचक क्रमांक सांगू लागलं की आकडे उलटसुलट होतात, मराठीशी क्रम जुळत असूनही, कारण क्रमांक मी कायम इंग्रजीतच ऐकत आणि लिहीत आले. सध्या त्या ज्येष्ठ सहकारी बाई फोन ठेवण्याआधी मला दोन-तीन सुटे भाग-क्रमांक वेगाने सांगतात आणि मी ते मराठीत मनात म्हणत लिहून घेते. बहुतेक बरोबर येतात. गटातल्या बोलण्यासाठी त्यांनी सुचवलं आहे, की पुढच्या तिमाहीपासून बैठकीचं सूत्रसंचालन मी करावं, म्हणजे मधे शिरायची वेळ शोधावी लागणार नाही, बोलायची पाळी मीच देईन. मी हो म्हटलं आहे आणि कामाच्या यादीवरची वाक्यं मोठ्याने म्हणून बघायला लागले आहे.